मस्कतचे मेल कोणी उतरवले

माझ्या साडूने मला फसवलं. तो माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा, आणि धंद्यात माझा भागीदार. माझं मस्कतचं गिऱ्हाईक त्याने माझ्याच ई-मेलच्या पत्त्यावरून काढून नेलं. हे आधीच सांगून टाकतो, कारण आमच्या नातेवाइकांत ही गोष्ट निराळी करून सांगतात. 'दोघांचं पटलं नाही' म्हणतात. पटण्या-न पटण्याचा यात काही संबंध नव्हता.

माझा गाळा भाईंदर पूर्वेला, नवघरच्या बाजूला होता. आम्ही स्टीलच्या कप्प्यांच्या थाळ्या बनवायचो, कँटीनमध्ये असतात तशा. मी रत्नागिरीहून दहावी करून आलो आणि पॉलिशच्या चाकासमोर उभा राहिलो. संध्याकाळी नाक शिंकरलं की काळं यायचं. पुढे दुसऱ्याची पत्रा दाबायची प्रेस चालवली, मग स्वतःची भाड्याच्या जागेत, मग गाळा. कोणी हाताला धरून वर आणलं नाही. माझी एक खासियत होती, थाळीची कड. ती मी अशी मुडपून घ्यायचो की मळलेल्या फडक्याने जोरात पुसली तरी धागा अडकत नसे. बाकीचे लोक त्या कामात वेळ वाचवायचे.

साडू मुंबईत एका कंपनीत कारकून होता. स्वेच्छानिवृत्ती घेऊन भाईंदर पश्चिमेला घरी बसला होता. बायको म्हणाली, "भावोजी घरात बसून कंटाळलेत. तुमची लिखापढी त्यांच्याकडे द्या ना. इंग्रजी चांगलं आहे त्यांचं." त्याचं इंग्रजी चांगलं होतं हे खरं. मला इंग्रजी वाचता यायचं, बोट ठेवून, सावकाश. लिहायला बसलो की अडायचो. म्हणून त्याला थोडा भाग देऊन घेतला. नात्याने तो मोठा, म्हणून मी त्याला भाऊ म्हणायचो, तुम्ही म्हणायचो. तो मला अरे-तुरे करायचा. गाळा माझा, प्रेस माझी, पण बसायला खुर्ची आधी त्याला.

मस्कतचं गिऱ्हाईक मी आणलं. कामगारांच्या कँटीनना भांडी पुरवणारी तिकडची एक कंपनी होती. तिचा खरेदी बघणारा माणूस मुंबईत आला होता. एका व्यापाऱ्याच्या दुकानात त्याने माझी थाळी हातात घेतली, कडेवरून अंगठा फिरवला आणि पत्ता विचारत रिक्षाने थेट गाळ्यावर आला. "ये किनारा किसने मोडा?" असं त्याने विचारलं. मी म्हटलं, मैंने. त्याने माझ्या हाताकडे पाहिलं. पहिला माल त्याच आठवड्यात ठरला. जाताना तो म्हणाला, पुढचं सगळं ई-मेलवर. फोनवर भाव करायचा नाही, कंपनीचा नियम आहे, लिहिलेलं पाहिजे.

सुरुवातीला साडू सायबर कॅफेत जाऊन मेल बघायचा आणि कागदावर छापून आणायचा. कागद माझ्या हातात पडेपर्यंत दोन-दोन दिवस जायचे, आणि तेवढ्यात त्याने काहीतरी गुळमुळीत उत्तर देऊनही टाकलेलं असायचं. मला ते सहन व्हायचं नाही. भाव करताना समोरच्याचा शब्द पहिला माझ्या कानावर पडला पाहिजे. तो कुठे थांबला, काय लिहायचं टाळलं, घाईत आहे की निवांत, यावरून मी माझा आकडा ठरवतो. दुसऱ्याने वाचून दाखवलेला भाव म्हणजे दुसऱ्याने चावून दिलेला घास. मी ठरवलं, कॉम्प्युटर गाळ्यातच पाहिजे, माझ्या टेबलावर. साडूनेही उत्तरं लिहायला आपल्या घरी एक घ्यायचं ठरवलं.

कॉम्प्युटरवाला भाईंदर पश्चिमेचा, स्टेशनजवळच्या गल्लीतला. गुजराती, तरुण, सगळ्यांना शेठ म्हणणारा. त्याच्या दुकानात मी अर्धा दिवस बसलो. टेबल फुकट घेतलं, कव्हर फुकट घेतलं, वीज गेली तर मशीन बंद पडू नये म्हणून तो जो डबा विकत होता तोही घासून घासून खाली आणला. शेवटी तो म्हणाला, "शेठ, ई-मेलचे दोन पत्ते लागतील. एक तुमचा, एक तुमच्या पार्टनरचा. दर साल चार्ज आहे."

"दोन कशाला?" मी म्हटलं. "माझा फोन बघ. गाळ्यात एक, घरी पॅरलल. नंबर एकच. वाजला की दोन्हीकडे वाजतो. तसंच लाव."

"मेल का पॅरलल?"

"होतं की नाही ते सांग."

त्याने डोकं खाजवलं. "हो तो जाएगा, शेठ. एक ही पत्ता दोनों मशीन में डाल देगा."

"मग डाल. आणि दुसऱ्या पत्त्याचे पैसे बिलातून काढ."

"शेठ, तुम्ही माझ्या बापाला पण सोडलं नसतं."

"त्यांना पाठव, बघू."

असं हसत-खेळत ठरलं. भाईंदरमध्ये त्या काळात फोनचं पॅरलल नाही असं दुकान सापडलं नसतं. दुकान खाली, घर वर, मध्ये वायर. कोणीही माझ्यासारखंच बोललं असतं. तो हो म्हणाला, आणि त्या 'हो'मध्ये काय दडलंय हे त्याने सांगितलं नाही.

दोन दिवसांनी तो गाळ्यात येऊन प्रोग्रॅम लावू लागला. प्रेस खाली आली की टेबल हादरायचं आणि स्क्रीनवर बाण पळायचा. पडद्यावर एकामागून एक प्रश्न येत होते. नाव काय दाखवायचं? मी म्हटलं गाळ्याचं, माणसाचं नको. पासवर्ड काय? मी त्याला तोंड फिरवायला लावलं आणि एका बोटाने टाइप केलं. मग लक्षात आलं की तोच पासवर्ड त्याला साडूच्या मशीनमध्येही घालायचा आहे, तेव्हा सांगावाच लागला. प्रोग्रॅम उघडला तर आत एक मेल आधीच येऊन बसलेला. मला वाटलं, मस्कत. कॉम्प्युटरवाला म्हणाला, "ये कंपनीवालों का वेलकम है शेठ, सबको आता है." मी तरी तो शेवटपर्यंत वाचला.

वर डाव्या हाताला एक बटण होतं. ते दाबलं की फोनची वायर किंचाळायची, मग कॉम्प्युटर लांबच्या कुठल्या तरी पेटीत जाऊन आपला माल उचलून आणायचा. त्या बटणाने मला वेड लावलं. पत्रा उतरवताना मध्येच हात पुसून मी ते दाबून यायचो. जेवताना डबा उघडला की दाबायचो. नेट चालू असेपर्यंत फोन एंगेज. पत्रेवाला ओरडायचा, "तुझ्या बापाने फोन लावून ठेवलाय काय?" बायको म्हणायची, गाळ्यात काय पेटलं तरी आम्हाला कळायचं नाही. मला बसवत नसे. काही आलं नाही तरी, नाही आलं हे मला कळलं पाहिजे होतं.

तेव्हा मेल यायचे. मस्कतचा माणूस छोटं लिहायचा. मी बोट ठेवून वाचायचो, साडूला फोन करायचो, "भाऊ, असं असं लिहा," आणि तो लिहायचा. कधीकधी तो कुरकुरायचा, "अरे, माझ्याकडे काहीच येत नाही. सगळं तुझ्याकडेच पडतं." मी म्हणायचो, मी बघतोय ना, तुम्हाला कशाला पाहिजे. असं का होतंय याचा विचार मी केला नाही, कारण येत होतं ना माझ्याकडे. त्या महिन्यांत मी मस्कतशी जेवढा चांगला भाव केला तेवढा आयुष्यात कोणाशी केला नाही. त्याने खोलगट वाटीची थाळी मागितली, मी नवा साचा बनवायला घेतला. साच्याची डाय मी स्वतः घासत होतो. तो माल लागला असता तर पाच वर्षं मला दुसऱ्या कोणाचं तोंड बघायला नको होतं.

आणि मग मेल यायचे बंद झाले.

पहिल्यांदा वाटलं, तो रजेवर असेल. मग वाटलं, वायर खराब असेल. मी बटण दाबत होतो, मशीन किंचाळत होतं, जाऊन रिकाम्या हाताने परत येत होतं. कॉम्प्युटरवाल्याला बोलावलं. त्याने बघितलं, म्हणाला सगळं ठीक आहे, कोणी पाठवतच नाही तर काय येणार. साडूला विचारलं, "भाऊ, तुमच्याकडे मस्कतचं काही?" तो म्हणाला, "नाही रे. तिकडे सुट्ट्या असतील."

मी डाय घासायची थांबवली. माल घ्यायचा की नाही, पत्रा आणायचा की नाही, काही कळेना. प्रेसवरच्या माणसांना उगाच बोलायला लागलो. शेवटी मी स्वतःच स्वतःच्या पत्त्यावर मेल पाठवला. 'टेस्ट'. म्हटलं, हा तरी आला पाहिजे. तो गेला. आला नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा. पुन्हा गेला, आला नाही. मग मी इंग्रजी अक्षरांत मराठी लिहिलं, कोणी वाचतंय का. तोही गेला. माझा मेल माझ्याकडेच पोचत नाही म्हटल्यावर माझं डोकंच फिरलं. मस्कतलाही मी लिहिलं, माझ्या मोडक्या इंग्रजीत, साहेब उत्तर का नाही. रागाच्या भरात चार-पाच वेळा लिहिलं. त्यांच्या ऑफिसात फोन लावला तर तिथली बाई म्हणाली, साहेब बाहेर आहेत, मेल कर दीजिए.

एके दिवशी पत्रेवाला गाळ्यात आला. गिऱ्हाइकांचे बारकावे टिपण्यात हुशार माणूस. दारातच उभं राहून म्हणाला, "तू काशीगावला दुसरा गाळा घेतलास आणि आम्हाला पेढे नाहीत?"

"कोण म्हणतो?"

"हायवेच्या बाजूला एका गाळ्यात पत्रा टाकायला गेलो होतो. खोलगट वाटीच्या थाळ्या पॅक होत होत्या, खोक्यावर मस्कत. मला वाटलं तुझाच माल. पण कड बघितली तर हाताला लागते. म्हटलं, याचे हात म्हातारे झाले काय?"

मी त्याला चहाही विचारला नाही. तडक रिक्षा करून कॉम्प्युटरवाल्याकडे गेलो. तिथे उभ्या उभ्या त्याला म्हटलं, आता नीट सांग, एक पत्ता दोन मशीनवर असला की काय होतं.

तो म्हणाला, "शेठ, मेल तो एक ही है. जो मशीन पहले लेगा, उसी में उतर जाएगा. पेटीतून निघून जातो. दुसऱ्याला नाही मिळणार."

"म्हणजे दोन्हीकडे वाजत नाही?"

"नहीं. पहले जो उठाए."

"हे तेव्हा का नाही सांगितलंस?"

"आपने ही बोला था पॅरलल. और पेटी छोटी है शेठ, मेल तिथे ठेवला तर भरून जाते, म्हणून मेल उतरला की पेटीतून काढायचं सेटिंग मी टाकलं." मग जरा घुटमळून म्हणाला, "तुमच्या साडूभाईने आता केबलवाल्याचं नेट घेतलंय ना. चोवीस घंटा चालू. मीच लावून दिलं."

मला तेव्हा समजलं. मी फोन लावून, किंचाळ्या ऐकत, दिवसातून दहा वेळा त्या पेटीपाशी जात होतो. साडू तिथे मुक्कामालाच बसला होता.

रविवारी सकाळी न सांगता त्याच्या घरी गेलो. दार मेहुणीने उघडलं. "भावोजी? एकटेच? बसा ना, हे मासळी बाजारात गेलेत. चहा टाकते." बाई सरळ आहे, आजही म्हणतो. हॉलमध्ये टीव्हीशेजारी कॉम्प्युटर चालू होता. तिने आतून सांगितलं, "बंदच करत नाहीत हो. नेट घेतल्यापासून हे असंच. मी म्हणते, लाइटबिल कोण भरणार?"

मी खुर्ची ओढून बसलो. प्रोग्रॅम उघडाच होता, माझ्यासारखाच, बटण त्याच जागी. मस्कतचे मेल एकाखाली एक रांगेत होते. त्यांच्या मध्येमध्ये माझे. टेस्ट. पुन्हा टेस्ट. कोणी वाचतंय का. न वाचलेला मेल जाड अक्षरांत दिसतो, वाचला की बारीक होतो. माझे सगळे बारीक झालेले होते.

मेल किती वेळाने आणायचे ते ठरवण्याची जागा मला माहीत होती, कॉम्प्युटरवाल्याने दाखवली होती. माझ्याकडे अर्ध्या तासावर होतं, त्याने बसवून दिलं तसं. इथे ते कोणीतरी एका मिनिटावर आणलं होतं.

मग पाठवलेल्या मेलचा कप्पा उघडला. बोट ठेवून वाचलं. मस्कतच्या माणसाने विचारलं होतं, तुमच्याच पत्त्यावरून मला रागाचे मेल येतात, हे काय आहे? त्यावर साडूने त्याच्या त्या चांगल्या इंग्रजीत लिहिलं होतं की माझ्या भागीदाराची तब्येत बरी नसते, मनावर परिणाम झाला आहे, त्याच्या मेलकडे कृपया लक्ष देऊ नये, काम आता आमच्या नव्या युनिटमध्ये होतं. खाली स्वतःचं नाव. मी ते दोनदा वाचलं. वाटलं, एखाद्या शब्दाचा अर्थ मला चुकीचा लागत असेल. नव्हता लागत.

साडू पिशवी घेऊन आत आला. "अरे, आज इकडे कसा? बोंबील मस्त मिळालेत. जेवूनच जा."

"भाऊ, माझी तब्येत कशी आहे?"

त्याने माझ्याकडे पाहिलं, मग स्क्रीनकडे. "दुसऱ्याच्या मशीनला न विचारता हात लावू नये."

"पत्ता माझा आहे."

"पत्ता दोघांचा आहे. एकच घ्यायचा हट्ट तुझा होता. मला वाटलं तुलाही येतायत."

"माझे टेस्ट वाचून वाटलं?"

त्याने पिशवी मेहुणीच्या हातात दिली. "हे साफ करून घे गं." मग माझ्याकडे वळून, लहान मुलाला समजावतात तशा आवाजात म्हणाला, "हे बघ, तू प्रत्येक गोष्टीत भावावर अडून बसतोस. तो माणूस कंटाळला होता. मी सांभाळलं नसतं तर गिऱ्हाईक दुसरीकडे गेलं असतं."

"गेलंच ना दुसरीकडे. काशीगावला."

"तिकडे कोणी घासाघीस करत बसत नाही."

"तिकडे कड हाताला लागते."

"कँटीनमधल्या मजुराला कडेचं काय कौतुक?" तो म्हणाला.

त्यानंतर मी कीबोर्ड ओढला आणि तो वायरसकट खाली आला, त्याबरोबर चहाचा कप आला. मेहुणी म्हणाली, "भावोजी, घरात पोरी आहेत." मी चपला हातात घेऊनच जिना उतरलो. आमच्या नातेवाइकांत तेवढाच भाग सांगतात, कीबोर्ड आणि कप.

भागीदारी मोडली. मी नवा पत्ता घेतला, फक्त माझा, आणि मस्कतला सगळं लिहिलं. या वेळी एका मास्तरांना समोर बसवून, नीट इंग्रजीत. उत्तर आलं, माझ्या मशीनवर, जाड अक्षरांत. लवकर बरे व्हा, असं त्या भल्या माणसाने लिहिलं होतं. ऑर्डरींबद्दल तुमच्या भागीदारांशीच बोलणं सुरू आहे, तुम्ही विश्रांती घ्या. त्याची चूक नाही. आधीचे रागाचे मेल माझेच होते, ते त्याने वाचले होते, आणि आता मी जे काही लिहीन ते आजारी माणसानेच लिहिलेलं ठरणार होतं. नंतर मी दोनदा लिहिलं. उत्तर आलं नाही. खोलगट वाटीची डाय अर्धवट घासलेली तशीच राहिली, शेवटी भंगारात दिली.

मला सांगणारे पुष्कळ भेटले. दुसऱ्या पत्त्याचे पैसे वाचवायला गेलास म्हणून झालं, असं माझ्या तोंडावर म्हणाले. मी घासाघीस करतो. त्यावरच गाळा उभा केला. भाव कमी करून घेणं म्हणजे दुसऱ्याला माझी पेटी रिकामी करायची परवानगी देणं नव्हे. एक पत्ता दोघांनी वापरायचा ठरला तेव्हा जे येईल ते दोघांचं, हे सांगायला कुठल्या सेटिंगची गरज नव्हती. मेल त्याच्याकडे उतरला तर फोन उचलून सांगायचं होतं. मी तेच करत होतो.

बायको म्हणते, आम्हा बहिणींना मध्ये आणू नका. मी आणत नाही. लग्नाकार्यात जातो, वेगळ्या पंगतीला बसतो. मागच्या वेळी तो स्वतःहून जवळ आला आणि चारचौघांत, अगदी सहज, म्हणाला, "काय रे, तब्येत बरी ना?" आजूबाजूचे हसले, मोठ्या माणसाने विचारलं म्हणून. माझ्या हातातला पेला मी खाली ठेवला, कारण ठेवला नसता तर आणखी एक गोष्ट नातेवाइकांना सांगायला मिळाली असती.

गिऱ्हाईक गेलं, ते आता परत मागत नाही. पण मला कोणता आजार झाला होता, तो कोणत्या डॉक्टरने सांगितला, आणि माझ्या सहीशिवाय माझ्या डोक्याचा दाखला मस्कतला पाठवायचा अधिकार त्याला कोणी दिला, हे त्याने सांगावं. मोघम नको. इंग्रजीत नको. ज्या चारचौघांत त्याने माझी तब्येत विचारली, त्याच चारचौघांत, माझ्यासमोर उभं राहून सांगावं.